खारोड्यांतल्या गाठी

माघातल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वातीन वाजता, वहिनी गेल्या. सकाळी त्यांनी भाकरी आणि चून, म्हणजे पिठलं, केलं होतं. आम्ही दोघी जेवलो. जेवणानंतर त्या आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर आले, त्यांनी मनगट धरलं, मग घड्याळाकडे पाहिलं. मी मेघाला फोन केला. त्याच दुपारी आमच्या पाककृतींच्या साइटवर एका बाईंचा प्रश्न आला होता: "ताई, कळण्याच्या भाकरीला उडीद किती घ्यायचे?"

त्या प्रश्नाला मी पाचव्या दिवशी उत्तर दिलं. "ज्वारी चार वाट्या, उडीद एक वाटी." वहिनी गेल्याचं लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

या अंकासाठी "तुमच्या कामाचे अनुभव लिहा" असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा त्यांना माझी शाळेतली नोकरी अभिप्रेत असेल. एकतीस वर्षं मी धाड गावच्या हायस्कुलात मराठी शिकवलं. पण त्या कामाबद्दल मला फारसं सांगण्यासारखं वाटत नाही. निवृत्तीनंतर दहा वर्षं जे केलं, त्याबद्दल लिहिते.

मी लग्न केलं नाही. भाऊ एसटीत होता. तो गेल्यावर घरात वहिनी आणि मी राहिलो. त्यांची मुलगी मेघा लग्न होऊन पुण्याला. ती रोज आईला फोन करून विचारायची, आज हे कसं करू, ते कसं करू. एका दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "आत्या, आई सांगते ते तू लिहून काढ. मी साइट करून देते. मला एकटीला कशाला, सगळ्यांनाच वाचू दे." अशी सुरुवात झाली. वहिनी करायच्या आणि सांगायच्या, मी लिहायची.

पाककृती लिहिणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. कृतीत तीन गोष्टी सांगायच्या असतात. काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कधी काय करायचं. पहिली गोष्ट बाजारात कळते. दुसरीसाठी वजनकाटा असतो. तिसरी गोष्ट अवघड. तेल किती तापल्यावर, कांदा कितपत परतल्यावर, पीठ कुठवर आल्यावर, हे कुठल्याच काट्यावर येत नाही. ते बाईच्या डोळ्यात, नाकात असतं आणि तिथून कागदावर आणायला शब्दांशिवाय दुसरं साधन नाही. हे मला आता कळलं आहे. तेव्हा मला वाटायचं, शब्द तर माझ्याकडे भरपूर आहेत.

फोटोंनी आम्हाला फार छळलं. आमच्या भागातलं जेवण दिसायला एकाच रंगाचं. भरीत, चून, उडदाचं घुटं, कशाचाही फोटो काढला तरी चिखलासारखा यायचा. स्टीलच्या ताटात वरचा पंखा आणि ओणवी झालेली मी दिसायचे. एका वाचकाने लिहिलं, "पदार्थ आकर्षक वाटत नाही." मी वहिनींना वाचून दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "त्याले विचारा, खायाचं हाय का भिताडाले टांगाचं हाय?"

पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांना सगळं ग्रॅममध्ये लागायचं. चिमूटभर हिंग म्हणजे किती, मूठभर कोथिंबीर म्हणजे किती. मीही शिक्षिका, मला त्यांचं म्हणणं पटलं. मी काटा आणला आणि वहिनींची चिमूट पाच वेळा मोजली. पाचही वेळा वेगळी भरली.

"वहिनी, एक काहीतरी ठरवा ना."

"ताई, तुमी पोरं मारता तवा दरखेपी सारखंच मारता का? पोर पाहूनच मारता ना?"

"मी मुलांना मारत नव्हते."

"हाव, म्हनून त कोनी पास झालं नाई."

त्या मोठ्याने हसल्या. मी सरासरी काढून आकडा लिहिला. गृहस्थ खूश झाले.

परदेशातल्या एका मुलीने रोडग्यांबद्दल विचारलं होतं. रोडगा, म्हणजे कणकेचा जाड गोळा, गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. तिच्याकडे गोवऱ्या कुठून येणार? ओव्हनमध्ये चालतील का, असा प्रश्न. वहिनी म्हणाल्या, "तिले लिवा, धुपट लागत नाई तवर तो रोडगा नाई, निस्ता गोया हाय." गोळ्याला त्या गोया म्हणायच्या. मी लिहिलं, "ओव्हनमध्ये अवश्य करून पाहा, फक्त धुराचा खमंगपणा येणार नाही." मुलीने केले, फोटो पाठवला, आजीची आठवण आली म्हणून लिहिलं. वहिनींनी फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "तुमी लय गोड लिवता. मी असती त पोरीले रडवलंच असतं."

आता जे लिहायचं ते इथून सुरू होतं.

वहिनींचं माहेर बीबी गावचं. शाळा चौथीपर्यंत. त्या मले, तुले बोलायच्या. डोळ्यांना डोये, सकाळला सकाय म्हणायच्या. धाडला सगळेच असं बोलतात. मीही घरात थोडंफार तसंच बोलते. पण लिहिताना मी ते कधी येऊ दिलं नाही. एकतीस वर्षं मी मुलांच्या वह्यांतलं 'मले' लाल शाईने खोडून 'मला' केलं होतं. तोच हात वहिनींच्या कृतींवरून फिरला. त्या सांगायच्या, मी ऐकता ऐकताच मनात शुद्ध करून घ्यायची आणि थेट संगणकावर उतरवायची. त्यांचं बोलणं कुठे वेगळं टिपून ठेवावं, असं मला एकदाही सुचलं नाही. पोस्ट पूर्ण झाली की मी वाचून दाखवायची. त्या ऐकायच्या. "लय मस्त. पुस्तकावानी झालं," म्हणायच्या. मला ती शाबासकी वाटायची.

एका दिवाळीत मेघाने आईचा व्हिडिओ केला. शेंगोळ्यांचा. वहिनी परातीपुढे बसून बोलत होत्या, अगदी मोकळ्या. मधेच कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "काऊन वो, समजून राह्यलं ना?" मेघाने तो मला पाहायला दिला आणि म्हणाली, "आत्या, टाकते साइटवर." मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, नको. लोक नावं ठेवतील. पुण्यामुंबईचे लोक वाचतात, त्यांना गावठी वाटेल. आईला वाईट वाटेल अशा गोष्टी लिहितील. मेघाने थोडा वाद घातला, मग ऐकलं. तिने टाकला नाही. पुढे तिचा तो फोन बिघडला आणि त्याच्यासोबत व्हिडिओही गेला.

वहिनी आठ दिवस विचारत होत्या. "ताई, थो माहा व्हिडिओ चढला का?"

शेवटी मी म्हणाले, "वहिनी, त्यात आवाज नीट आला नाही."

"माहा आवाज कवा नीट होता," असं म्हणून त्या अंगणात धुणं वाळत घालायला गेल्या. त्यानंतर विचारलं नाही.

आमच्या साइटवर सगळ्यात जास्त वाचली जायची ती खारोड्यांची कृती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजरी भिजवून, जरा सुकवून तिचा जाडसर भरडा काढायचा. पाण्यात लसूण, तिखट, जिरं, तीळ, मीठ घालून त्यात भरडा शिजवायचा. घट्ट झालं की कोमट असतानाच गच्चीवर कापडावर बोटांनी छोट्या छोट्या खारोड्या तोडायच्या. तीन-चार दिवस कडक ऊन. मग वर्षभर तळून खा, नाहीतर कच्च्याच शेंगदाण्यांसोबत. होळी झाली की वाचक ती पोस्ट उघडायला लागत आणि दरवर्षी तक्रारी येत. गाठी झाल्या. आतून पीठ कोरडं राहिलं. तळताना फुटल्या.

मी कृती पुन्हा पुन्हा तपासली. प्रमाण बरोबर होतं, वेळ बरोबर होता. लोक नीट ढवळत नसतील, असं मी ठरवलं. तक्रार आली की त्या माणसाचा नंबर वहिनींना द्यायची, त्या फोनवर बोलायच्या आणि तक्रार मिटायची. त्या फोनवर नेमकं काय सांगतात, ते मी ऐकलं नाही. त्या स्वयंपाकघरात बोलायच्या, मी बाहेरच्या खोलीत पुढची पोस्ट शुद्ध करत असायची.

आमचे एक जुने वाचक आहेत. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर एकटे राहतात. सगळा स्वयंपाक आमच्या साइटवरून शिकले. त्यांचे निरोप क्रमांक घालून येतात. एक, वरण केले. दोन, ठीक झाले. तीन, मीठ कमी. वहिनी गेल्यानंतरच्या चैत्रात त्यांचा निरोप आला. "एक, खारोड्या केल्या. दोन, गाठी झाल्या. तीन, बाईंना विचारून कळवावे."

बाई नाहीत, हे मी अजून कुठेच लिहिलं नव्हतं. दोन महिने मी वाचकांना 'आम्ही' करून उत्तरं देत होते आणि कोणाला काही कळलं नव्हतं. शब्द तर पहिल्यापासून माझेच होते. मी उत्तर दिलं, "पाण्याला चांगली खळखळून उकळी आल्यावरच भरडा घालावा आणि सतत ढवळावे."

चार दिवसांनी दुसरा निरोप. "एक, उकळी चांगली आणली. दोन, गाठी आधीपेक्षा जास्त. तीन, मागे बाईंनी फोनवर सांगितले होते, भांड्याकडे कान ठेवा. तेव्हा जमले होते. याही वेळी पूर्ण लक्ष ठेवले. चार, तरी असे का?"

मी स्वतः करायला घेतल्या. दहा वर्षं मी ही कृती लोकांना शिकवत होते, पण कधी केली नव्हती. माझीच पोस्ट पुढे ठेवली आणि एकेक ओळ वाचत गेले. पाण्याला उकळी येताच भरडा घातला. डोळ्यांदेखत त्याचे गोळे झाले. पळीने दाबले तर आत कोरडा भुगा. वाफेने चष्मा धुकट झाला. मी गॅस बंद केला आणि पातेलं तसंच घेऊन शेजारी रेहानाभाभींकडे गेले.

रेहानाभाभींचे मालक आठवडी बाजारात मसाल्याचं दुकान लावतात. वहिनी आणि त्या दरवर्षी मिळून खारोड्या करायच्या, एक दिवस आमच्या गच्चीवर, एक दिवस त्यांच्या. भाभींनी पातेल्यात डोकावलं.

"या अल्ला. ताई, हे काय लाडू बांधले का काय?"

मी त्यांना सांगितलं, लिहिलं होतं तसंच केलं. पाण्याला उकळी आल्यावर भरडा टाकला.

"उकयी? अन् उकयीत कोन टाकते वो भरडा? कोनं लिवलं थे?"

"मीच. वहिनींनी सांगितलं होतं."

"निर्मला? नाई बाई. निर्मला कवा बी उकयी म्हनत नव्हती." भाभींनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि खाली ठेवलं. "बसा. दाखवतो."

आमच्याकडे बायाही कधी कधी 'करतो, दाखवतो' म्हणतात. भाभींनी चुलीवर पाणी ठेवलं, लसूण-तिखट घातलं आणि मला जवळ बसवलं. "आता तोंड बंद ठेवा. ऐका."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग पातेल्याच्या तळाशी बारीक सूं असा आवाज सुरू झाला. पाणी हललं नव्हतं, बुडबुडा नव्हता. आवाज हळूहळू भरत गेला.

"हे पाहा, आधन बोलाले लागलं," भाभी म्हणाल्या. "बस, हेच. आता टाका. उकयी आली की आधन चूप होते, मंग गाठी. निर्मला तर मले गप्पा मारू देत नव्हती या टायमाले. म्हने, भाभी, चूप ऱ्हाय वो, आधन बोलून राह्यलं."

भरडा पडला, भाभींनी पळी फिरवली, एक गाठ झाली नाही.

तेव्हा मला तो दिवस आठवला. वहिनी ओट्याशी उभ्या, मी दारात वही नसतानाच उभी. त्या म्हणाल्या होत्या, "आधन बोलाले लागलं की भरडा सोडाचा." मी विचारलं होतं, "म्हणजे उकळल्यावर ना?" मग म्हणाल्या, "तुमी मास्तरीन. तुमाले काय बरं वाटते थे लिवा." मी उकळी लिहिलं. सुभेदारांना त्यांनी कान ठेवायला सांगितलं होतं, ते खरोखर कानच. माझ्या उकळीमुळे सुभेदारांनी या वेळी त्याचा अर्थ नुसतं लक्ष ठेवणं असा केला. मीही तोच केला असता.

मी भाभींना विचारलं, "असं अजून काय काय म्हणायच्या त्या?"

"आता थे मी काय सांगू? करता करता निघे तोंडातून. कराले बसलं की याद येईन."

घरी येऊन मी साइट उघडली आणि पहिल्या कृतीपासून वाचायला लागले. 'कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा.' वहिनी गुलाबी म्हणत नव्हत्या. मग काय म्हणायच्या? 'पीठ मऊसर मळून घ्यावे.' कसं मऊ? त्यांनी कानाची पाळी दाबून दाखवली होती की अंगठ्याखालचा मांसल भाग? 'मंद आचेवर', 'मध्यम आचेवर', 'खमंग', 'चवीनुसार'. हे सगळं कुठल्याही पुस्तकात असतं. दहा वर्षं आम्ही एका घरात, एका ओट्याशी काम केलं आणि मी लिहिलेल्यात वहिनींचं एक वाक्य नव्हतं. लोक त्यांच्या हातचं खाल्ल्यासारखं वाटतं म्हणून लिहायचे. त्यांच्याशी ज्यांचं फोनवर बोलणं झालं, त्यांचंच खरं असावं.

त्या आठवड्यात मी साइटवर एक टिपण टाकलं. चार ओळींचं. वहिनी माघात गेल्या. कृती त्यांच्या, पण शब्द माझे आहेत. ते काही ठिकाणी चुकीचे आहेत. ज्यांच्याशी त्या फोनवर बोलल्या असतील, त्यांनी जे आठवेल ते, त्यांच्याच बोलीत, कळवावं.

सुभेदारांनी निरोप पाठवला नाही, फोन केला. आम्ही पहिल्यांदाच बोललो.

"मॅडम, मला अंदाज आला होता," ते म्हणाले.

"कसा?"

"बाई उत्तराआधी विचारायच्या. तुम्ही जेवले का? मग काय चुकलं ते. दोन महिने कोणी विचारलं नाही."

मग म्हणाले, "जेवलात का?"

"नाही अजून," मी म्हणाले.

"मग आधी जेवा. मी थांबतो."

फोन तसाच चालू ठेवून मी सकाळची भाकरी घेतली. पलीकडे त्यांच्याकडे कुठेतरी रेडिओ लागला होता. माझं झाल्यावर मी सांगितलं, झालं. ते बरं म्हणाले आणि त्यांनी खारोड्यांचं विचारलं. आधण कसं बोलतं ते मी त्यांना सांगायला लागले आणि मला ते माझ्या भाषेत सांगता आलं नाही. मी वहिनींसारखं सांगितलं. माझ्याच कानाला ते विचित्र लागलं, पण त्यांना कळलं.

टिपणाला उत्तरं आली, तशी बरीच आली. बहुतेक हळहळीची. कामाची थोडी. नागपूरच्या एकीला आठवलं की ठेच्याची मिरची 'रुसली पाह्यजे, जयाले नको', म्हणजे भाजताना तिची साल नुसती सुरकुतायला हवी, काळी व्हायला नको. एकाने मांड्यांच्या पिठाबद्दल अर्धं वाक्य कळवलं, पुढचं त्याला आठवेना. मेघा म्हणाली, "आत्या, मला ती नुसती हाक मारताना आठवते गं. बाकी काही आठवत नाही." ती रडली. मी तिची समजूत घातली. व्हिडिओचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

आता गुरुवारी दुपारी रेहानाभाभी येतात. आम्ही एक पदार्थ घेतो. त्या करतात, मी वही घेऊन बसते आणि त्यांच्या तोंडून निर्मला कधी निघते त्याची वाट पाहते. कधी निघते, कधी नाही. जे निघेल ते जसंच्या तसं लिहिते. ळ असेल तिथे ळ, य असेल तिथे य. एखादा पदार्थ भाभींच्या घरात होतच नाही, तेव्हा विचारायला कोणी उरत नाही. पुरणाचं आमचं आम्हीच करायचो. ते त्यांना ठाऊक नाही आणि मी ते कधी लक्ष देऊन पाहिलं नाही.

भाभी गेल्यावर मी एकटीच जेवते. स्वयंपाक बराच सुधारला आहे.

साइटवर दोनशे सहा कृती आहेत. त्यातल्या एकोणचाळीस दुरुस्त झाल्या. आणखी दहा-बारा होतील. बाकीच्यांवर मी तळाशी एक ओळ घातली आहे: 'ही कृती करणारीने वेगळ्या शब्दांत सांगितली होती. ते शब्द माझ्याकडे नाहीत.'